एडीएस१११५ चा ड्रायव्हर लावण्याआधी चिपशी एकदा स्वतः बोला

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याला पाणी देणं सोपं, पाणी तोडणं अवघड. अंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण बसला पाहिजे, मृग घ्यायचा तर मे महिन्यात. ताण कमी पडला की फुलाऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते, जास्त झाला की झाड खंगतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत वरून कोरडं दिसलं तरी खाली ओल धरून असते. आमचे मोठे बाबा खुरप्यानं वीतभर खोल माती काढतात, मुठीत दाबतात आणि सांगतात, "अजून आठ दिवस." त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. पण ते एका झाडाखाली बघतात आणि बाग साडेचार एकरांची आहे.

म्हणून मी ओलाव्याचे सेन्सर लावायला घेतले. सेन्सर स्वस्त, जोडायला तीन तारा. अडलो ते मधल्या चिपपाशी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना फक्त आहे-नाही एवढंच कळतं. दीड व्होल्ट आहे की पावणेदोन, हे त्यांना सांगता येत नाही. सेन्सर मात्र बोलतो तेच मुळी व्होल्टमध्ये. मधे दुभाषी लागतो, म्हणजे अॅनालॉगचं डिजिटल करणारी एडीसी चिप. मी वापरली ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची एडीएस१११५: चार चॅनल (ए० ते ए३ या मोजायच्या पिना), सोळा बिट (शून्य-एकचे सोळा अंक), आय२सी बसवर, म्हणजे चिपांशी बोलायच्या दोन सामायिक तारांवर, चालणारी. लिनक्स सिस्टीमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तिचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा प्रोग्राम) तयार आहे, लिहायला लागत नाही.

तरीही माझे दोन आठवडे गेले. चूक एकच होती: मी थेट ड्रायव्हर लावला. आकडा आला, चुकीचा आला, आणि तार चुकली की पत्ता चुकला की रेंज चुकली, हे कळायला मार्गच नव्हता. त्यामुळे खालचा क्रम माझ्या हट्टाचा आहे. आधी जोडणी, मग चिप दिसते का ते, मग एक वाचन हातानं, आणि तेवढं जमल्यावरच ड्रायव्हर.

लिहिण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड आणि फाईलची नावं मी इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, मधली जागा आणि आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवून टाकायची. "०एक्स" दिसलं की शून्य आणि एक्स. त्यापुढचा आकडा हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचा.

सामान आणि जोडणी

रास्पबेरी पाय (यापुढं नुसतं "पाय") कुठलाही चालेल, जुना असला तरी. एडीएस१११५ चं मॉड्यूल, जंपर वायर, ब्रेडबोर्ड, मल्टीमीटर आणि भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल. सेन्सर आत्ता बाजूला ठेवा. सेल कशाला ते पुढं कळेल.

मॉड्यूल पिशवीतून निघतं तेव्हा बरेचदा पिनांची पट्टी वेगळी येते. ती नुसती भोकांत खुपसून काम होत नाही, डाग द्यावाच लागतो. सोल्डरिंग जमत नसेल तर तालुक्याच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे जा. दहा पिनांचं काम त्याच्यासाठी चहा निवेपर्यंतचं आहे. डाग न देता चालवलेलं मॉड्यूल कधी दिसतं, कधी गायब होतं, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

जोडणी अशी. पायची १ नंबरची पिन ३.३ व्होल्टची, ती मॉड्यूलच्या व्हीडीडीला. ६ नंबरची ग्राउंड, ती जीएनडीला. ३ नंबरची एसडीएला, ५ नंबरची एससीएलला; आय२सीच्या दोन तारा त्या याच. मॉड्यूलवरची अॅडर नावाची पिन जीएनडीला. बस, पाच तारा.

इथं एक मोह होतो. एडीएस१११५ ही २ ते ५.५ व्होल्टपर्यंत कशावरही चालते, मॉड्यूलच्या पाकिटावर पाच व्होल्ट छापलेलं असतं, आणि पायवर पाच व्होल्टची पिन अगदी शेजारीच आहे. देऊ नका. मॉड्यूलवर एसडीए आणि एससीएल या दोन्ही तारांना पुरवठ्याकडे ओढणारे रेझिस्टर बसवलेले असतात. पुरवठा पाचचा केला की ते पायच्या पिनांवर पाच व्होल्टकडे जोर लावतात, आणि त्या पिना ३.३ च्या वर सहन करायला बनलेल्या नाहीत. माझ्या एका पायच्या या दोन पिना कायमच्या गप्प झाल्या आहेत. बाकी पाय धडधाकट आहे, घरी टीव्हीला लावून ठेवला.

अॅडर पिनेचं काम पत्ता ठरवण्याचं. एका आय२सी बसवर अनेक चिपा बसू शकतात, म्हणून प्रत्येकीला घर नंबर हवा. अॅडर जीएनडीला जोडली तर पत्ता ०एक्स४८, व्हीडीडीला जोडली तर ४९, एसडीएला ४ए, एससीएलला ४बी. म्हणजे एकाच बसवर चार मॉड्यूल, सोळा सेन्सर. काही मॉड्यूलवर ही पिन आतून ग्राउंडकडे ओढलेली असते, काहींवर लोंबकळती. तार जोडून टाकली की विषय संपला.

चिप दिसते का

पायमध्ये रास्पी-कॉन्फिग हा सेटिंगचा प्रोग्राम उघडून इंटरफेसच्या यादीत आय२सी चालू करा. मग "सुडो एपीटी इन्स्टॉल आय२सी-टूल्स" करून साधनं बसवा आणि ही कमांड द्या:

आय२सीडिटेक्ट -वाय १

शेवटचा १ म्हणजे बसचा क्रमांक. पडद्यावर आडव्या रेघांचा तक्ता येईल आणि त्यात एका जागी ४८ दिसेल. दिसला तर चिप जिवंत आहे, तारा बरोबर आहेत, पत्ता बरोबर आहे. तिन्ही गोष्टी एका आकड्यात मिटल्या.

तक्ता रिकामा असेल तर दहांत नऊ वेळा एसडीए-एससीएल उलटसुलट झालेल्या असतात, नाहीतर डाग कच्चा असतो. तक्ता भरायला फार वेळ लागत असेल तर तारांपैकी एखादी ग्राउंडला टेकली असावी. मल्टीमीटर घ्या, एसडीए आणि ग्राउंडमध्ये मोजा. काम चालू नसताना ३.३ च्या आसपास दिसायला हवं. शून्य दिसलं तर दोष तारेत आहे, पुढं जाण्यात अर्थ नाही.

एक वाचन हातानं

हा भाग वगळून थेट ड्रायव्हरकडे जाता येतं. वगळू नका. अर्धा तास लागतो आणि पुढचे दोन आठवडे वाचतात.

चिपच्या आत चार रजिस्टर आहेत. रजिस्टर म्हणजे सोळा बिटांचा एक खण. ० नंबरच्या खणात मोजलेला आकडा येऊन पडतो. १ नंबरच्या खणात आपण हुकूम लिहायचा: कुठला चॅनल, कुठली रेंज, किती वेग. २ आणि ३ नंबरचे खण मर्यादा ओलांडल्याची सूचना देण्यासाठी आहेत, आपल्याला आज त्यांच्याशी देणंघेणं नाही.

चिपला नुकतीच वीज मिळाली असेल तर १ नंबरच्या खणात ८५८३ हा हेक्स आकडा असतो. त्याचा अर्थ लावला की कळतं, चिप आपणहून ए० आणि ए१ यांच्यातला फरक मोजायला बसलेली आहे, ±२.०४८ व्होल्टच्या रेंजमध्ये. आपल्याला हवं आहे ए० आणि ग्राउंड यांच्यातलं, ±४.०९६ च्या रेंजमध्ये. त्यासाठी बिट असे मांडायचे, डावीकडून:

पहिला बिट १, म्हणजे "मोजणं सुरू कर". पुढचे तीन १००, म्हणजे ए० ते ग्राउंड. पुढचे तीन ००१, म्हणजे ±४.०९६. पुढचा एक बिट १, म्हणजे एकदाच मोज आणि झोप. पुढचे तीन १००, म्हणजे सेकंदाला १२८ वाचनांच्या वेगानं. उरलेले पाच ०००११, म्हणजे सूचनेची भानगड बंद.

सगळे जोडले की ११०० ००११ १००० ००११. हेक्समध्ये सी३८३.

आता सेल. सेलची मायनस बाजू ग्राउंडला, प्लस बाजू ए० ला. आधी मल्टीमीटरनं सेलचे व्होल्ट मोजून कागदावर लिहून ठेवा. माझा सेल १.५५ दाखवत होता. मग:

आय२सीसेट -वाय १ ०एक्स४८ ०एक्स०१ ०एक्स८३सी३ डब्ल्यू

सी३८३ पाठवायचा होता आणि मी ८३सी३ लिहिला, हे लक्षात आलं का? ही छपाईची चूक नाही. चिपला दोन बाइट (आठ-आठ बिटांचे तुकडे) पाठवताना आधी वजनदार बाइट हवा असतो, म्हणजे सी३, मग ८३. पण या कमांडला शब्द दिला, म्हणजे शेवटी डब्ल्यू लावला, की ती आधी हलका बाइट पाठवते. म्हणून आपणच आधीच उलटा करून द्यायचा. वाचतानाही तेच:

आय२सीगेट -वाय १ ०एक्स४८ ०एक्स०० डब्ल्यू

माझ्याकडे उत्तर आलं ०एक्स७५३०. याचा दशमान आकडा ३००००. इतका गोल आकडा बघून मी खूष झालो होतो. ±४.०९६ च्या रेंजमध्ये प्रत्येक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची, म्हणून ३०००० गुणिले ०.१२५ बरोबर ३७५० मिलिव्होल्ट. दीड व्होल्टच्या सेलमधून पावणेचार व्होल्ट! पहिल्या रात्री मी सेल बदलला, दुसऱ्या रात्री मॉड्यूल बदललं. बाइट बदलायचे राहून गेले होते.

७५ आणि ३० यांची अदलाबदल करा: ३०७५. दशमानात १२४०५. गुणिले ०.१२५ बरोबर १५५०.६ मिलिव्होल्ट, म्हणजे १.५५ व्होल्ट. मल्टीमीटरशी जुळलं.

हे जुळलं त्या क्षणी तुमच्या हातात एक पक्की गोष्ट आली: तार, पत्ता, चॅनल, रेंज आणि गुणाकार, सगळं बरोबर आहे. यापुढं काही बिघडलं तर ते नव्यानं लावलेल्या गोष्टीत बिघडलं असणार.

जाता जाता तीन गोष्टी. आकडा ३२७६७ च्या वर आला तर त्यातून ६५५३६ वजा करा. चिप ऋण आकडे तसे दाखवते. ए० ग्राउंडला टेकवून वाचलं आणि ६५५३४ दिसला तर ते उणे दोन आहे, घाबरण्यासारखं काही नाही. दुसरं, ज्या चॅनलला काहीच जोडलेलं नाही तो शून्य दाखवत नाही, मनाला येईल ते दाखवतो. तिसरं, हेक्स उत्तर सरळ केल्यावर त्याचा शेवटचा अंक दर वेळी शून्यच येत असेल, तर १११५ म्हणून तुम्हाला तिची बारा बिटांची धाकटी बहीण एडीएस१०१५ मिळाली आहे. ती सोळापैकी वरचे बारा बिटच भरते. ओलाव्यासाठी तीही पुरते, पण पैसे मोठीचे गेले असतील तर दुकानदाराला सांगा.

रेंजबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथं चिपा जळतात. चिपमध्ये सहा रेंज आहेत: ६.१४४, ४.०९६, २.०४८, १.०२४, ०.५१२ आणि ०.२५६ व्होल्ट. ६.१४४ बघून कोणालाही वाटेल की सहा व्होल्ट जोडायला हरकत नाही. हरकत आहे. रेंज ही फक्त मोजपट्टी. पिन सहन करते ते पुरवठ्याच्या जेमतेम ०.३ व्होल्ट वरपर्यंत. ३.३ वर चालवताय तर ३.६ च्या वर काही नको. म्हणून आपल्या जोडणीत ४.०९६ ची पट्टी लावली तरी आकडा २६४०० च्या आसपास येऊन थांबणार, ३२७६७ पर्यंत जाणारच नाही. ते बरोबर आहे.

आता ड्रायव्हर

तुम्ही आत्ता हातानं जे केलं, म्हणजे बिट मांडणं, बाइट उलटवणं, मोजणी होईपर्यंत थांबणं, ऋण आकडा ओळखणं, ते सगळं परस्पर करणारा कर्नलमधला भाग म्हणजे ड्रायव्हर. तो तुमच्यासमोर साध्या फाईली ठेवतो. फाईल उघडा, आकडा वाचा. बोअरच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावण्यासारखं आहे. लावल्यावर सोय होते, पण हातानं मोटर कशी सुरू होते ते ज्याला माहीत नाही त्यानं लावू नये.

कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाईल उघडा. नव्या, म्हणजे बुकवर्म नावाच्या आवृत्तीपासूनच्या सिस्टीमवर ती बूट फोल्डरच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये आहे, जुन्यांवर थेट बूटमध्ये. तळाशी ही एक ओळ टाका, मधे कुठंही जागा न सोडता:

डीटीओव्हरले=एडीएस१११५,सीएचए_एनेबल,सीएचए_सीएफजी=४,सीएचए_गेन=१,सीएचए_डेटारेट=४

सीएचए म्हणजे सी, एच, ए ही तीन अक्षरं, चॅनल ए. सीएफजी ४ म्हणजे ए० ते ग्राउंड. ओळखलात? मघाचे १०० हे बिट, दशमानात ४. गेन १ म्हणजे मघाचे ००१. डेटारेट ४ म्हणजे पुन्हा १००, सेकंदाला १२८. हातानं केल्याचा फायदा इथं दिसायला लागतो; ही ओळ आता मंत्र राहत नाही. दुसरा सेन्सर ए१ ला लावला तर लगेच खाली नवी ओळ, डीटीपॅराम=सीएचबी_एनेबल,सीएचबी_सीएफजी=५ आणि त्याला त्याचे गेन-डेटारेट जोडायचे; सगळं एकाच ओळीत कोंबलं तर ती फार लांब होते आणि शेपूट वाचलं जात नाही. असे डी पर्यंत चार. पत्ता ४८ सोडून दुसरा असेल तर अॅडर=०एक्स४९ असंही पहिल्या ओळीत.

पाय बंद करून चालू करा आणि पुन्हा आय२सीडिटेक्ट द्या. ४८ च्या जागी आता यूयू दिसेल. बरेच जण इथं दचकतात. यूयू म्हणजे हा पत्ता ड्रायव्हरनं ताब्यात घेतला आहे. हेच आपल्याला हवं होतं. आता मघाची आय२सीगेट दिली तर ती "डिव्हाइस बिझी" म्हणून हात झटकेल. इंटरनेटवर कोणीतरी सांगेल की -एफ लावून जबरदस्ती करा. करू नका, एका बैलाला दोघांनी दोन बाजूंनी कासरा ओढल्यासारखं होतं. हातानं बघायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकून ड्रायव्हर बंद करा, पाय पुन्हा सुरू करा, मग बघा.

फाईली या ठिकाणी मिळतील:

/सिस/बस/आयआयओ/डिव्हायसेस/आयआयओ:डिव्हाइस०

त्यातली इन_व्होल्टेज०_रॉ ही कच्चा आकडा देते, इन_व्होल्टेज०_स्केल ही एका पायरीचे मिलिव्होल्ट. दोन्ही "कॅट" या कमांडनं वाचा. रॉ मध्ये १२४०० च्या आसपास, स्केलमध्ये ०.१२५. गुणाकार केला की सेलचे तेच १५५० मिलिव्होल्ट. तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतात का बघा. नावात उणे चिन्ह असलेल्या, व्होल्टेज०-व्होल्टेज१ अशा फाईली दोन पिनांतला फरक देतात. त्या उघडून "आकडा चुकतोय" म्हणू नका.

स्केलची फाईल लिहिताही येते. बाजूलाच स्केल_अव्हेलेबल नावाची फाईल आहे, तिच्यात ०.१८७५, ०.१२५, ०.०६२५ अशी सहा मापं दिसतील. त्यातलं एक स्केलमध्ये लिहिलं की रेंज बदलते. वेगाचंही तसंच: ८, १६, ३२, ६४, १२८, २५०, ४७५, ८६०. एवढ्यासाठीच प्रोग्राम लिहिताना ०.१२५ हा आकडा आत ठोकून ठेवू नये, दर वेळी स्केल फाईलमधून वाचावा. तीन महिन्यांनी कोणीतरी, म्हणजे तुम्हीच, रेंज बदलणार आणि विसरणार.

आणखी एक फसवणारी गोष्ट. डिव्हाइस० मधलं शून्य पक्कं नाही. दुसरा एखादा सेन्सर बसला की ते १ होऊ शकतं. प्रोग्रामनं प्रत्येक डिव्हाइसच्या आतली नेम फाईल वाचून आपलं कुठलं ते ओळखावं. तिथं एडीएस१०१५ असं दिसलं तरी चालेल. दोन्ही बहिणींना एकच ड्रायव्हर आहे आणि त्याचं नाव धाकटीवरून पडलं आहे.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे सगळं पाच-सात ओळींत होतं: रॉ फाईल उघडा, आकडा घ्या, स्केल घ्या, गुणा, छापा. वेगळी लायब्ररी लागत नाही. पायऐवजी आर्डुइनो किंवा ईएसपी३२ हे छोटे बोर्ड वापरणाऱ्यांकडे लिनक्सचा कर्नल नसतो, त्यांना लायब्ररी (तयार कोड) घ्यावी लागते. पण आत बिट तेच, पत्ते तेच.

शेतात नेताना

पेटी झाडाच्या सावलीत किंवा मोटरच्या खोलीत. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातली बंद पेटी भट्टी होते. एडीएस१११५ ला त्याचं काही नाही, ती १२५ अंशांपर्यंत चालते. पायचा प्रोसेसर मात्र ८० अंशांच्या पुढं गेला की स्वतःचा वेग कमी करतो.

आय२सीच्या तारा वीतभरच ठेवा, चिप पायच्या पेटीतच बसवा. लांब न्यायची ती सेन्सरची तार. ती मोटरच्या केबलला बांधून नेऊ नका. मोटर सुरू झाली की आकडे नाचतात. त्यावर साधा उपाय, दहा वाचनं घ्या, क्रमानं लावा, मधली दोन घेऊन सरासरी काढा. ओलावा काही सेकंदाला बदलत नाही, वेग ८ वर आणला तरी भरपूर.

शेतीच्या फिडरला वीज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून पाय सोलरच्या बॅटरीवर ठेवणं बरं. मग उरलेल्या एखाद्या चॅनलवर बॅटरीही मोजून घ्या. बारा व्होल्ट थेट लावायचे नाहीत. बॅटरीच्या प्लसपासून १०० किलो-ओहम, तिथून ग्राउंडला २२ किलो-ओहम, आणि दोघांच्या सांध्यावरून तार चॅनलला. चार्जिंगच्या वेळचे १४.४ व्होल्ट सांध्यावर २.६ होतात. आलेल्या आकड्याला १२२ भागिले २२, म्हणजे ५.५४५ नं गुणा. यापेक्षा फार मोठे रेझिस्टर घेतले तर चिपची पिन स्वतःच थोडा प्रवाह ओढते आणि आकडा कमी दिसायला लागतो.

आकड्यापासून मातीपर्यंत

सेन्सर घेताना दोन उघड्या काट्यांचा घेऊ नका. त्याच्यातून प्रवाह मातीत जातो आणि काटे गंजून झिजतात. चपट्या पट्टीचा कपॅसिटिव्ह घ्या, आणि पट्टीच्या कडांना नेलपॉलिश किंवा इपॉक्सीचा हात मारा. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं. हा सेन्सर उलटा बोलतो: कोरड्यात व्होल्ट जास्त, ओल्यात कमी. माझा हवेत २.६ च्या आसपास असतो, पाण्याच्या ग्लासात १.२.

हे दोन टोकांचे आकडे घेऊन मधे शंभर टक्क्यांची पट्टी आखणारे प्रोग्राम पुष्कळ मिळतात. बागेसाठी ती पट्टी निरुपयोगी आहे. हवा आणि पाणी म्हणजे माती नव्हे. मी दुसरं केलं. पाणी तोडल्याच्या दिवसापासून मोठे बाबा माती दाबून बघत, त्याच दिवशी त्याच झाडाखालचा आकडा मी वहीत लिहीत असे. एका बाजूला "अजून ओल आहे", "आता सुटते", "बस झालं". दुसऱ्या बाजूला मिलिव्होल्ट. एका हंगामात आमच्या जमिनीचा, आमच्या सेन्सरचा तक्ता तयार झाला. शेजारच्या बागेत तो चालणार नाही.

जानेवारीच्या मध्यात एका कोपऱ्यातला आकडा एकाएकी चढला. दोन दिवसांत इतका कोरडा, की पाणी सोडावं लागेल असं वाटावं. मी चिप तपासली, सेल लावून बघितला, १.५५ आला. ड्रायव्हर ठीक, तार ठीक. मोठे बाबा माझ्यामागून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अबे, जमीन फाटली ना तिथं. तुह्या पट्टीले हवा लागून राह्यली."

काळी माती वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. भेग नेमकी पट्टीला लागून गेली होती. मी सेन्सर हातभर बाजूला, भेग नसलेल्या जागी काढून लावला, ओली माती दाबून बसवली, आणि दुसऱ्या सकाळी आकडा बाकीच्यांच्या रांगेत आला. आता वहीत एक तिसरा रकाना आहे: "भेग".